हे कुठलं?

निसर्गाच्या आणि प्रवासाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं की सर्वांत जास्त वेळा एकच प्रश्न कानावर पडतो: हे कुठलं? कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हे विचारणारी मंडळी वेगळी, ती बहुतेक स्वतः फोटो काढणारी असतात. बाकी सगळे फोटोसमोर आले की आधी ठिकाण विचारतात. आमच्या छायाचित्रकारांतल्या कित्येकांना हा प्रश्न आवडत नाही. रचना बघा, प्रकाश बघा, ठिकाणाचं काय घेऊन बसलात, असं त्यांचं म्हणणं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात माझं पहिलं एकल प्रदर्शन झालं तेव्हा दारापाशी उभी राहून मी हा प्रश्न दिवसभर ऐकत होते आणि मला तो अगदी रास्त वाटला. ज्या जमिनीचा फोटो काढला तिचं नावगाव विचारण्यात कमीपणा कसला?

म्हणूनच प्रत्येक फोटोखालच्या पट्टीवर मी गाव, तालुका, महिना आणि दिवसाची वेळ लिहिली होती. ‘शांतता’, ‘एकांत’, ‘साद’ अशी नावं फोटोंना द्यायची नाहीत हे पहिल्यापासून ठरलं होतं. अशी नावं बघणाऱ्याला आधीच सांगून ठेवतात की तुम्हाला काय वाटायला हवं. गावाचं नाव तसं काही करत नाही.

फोटो भिंतीवर कुठल्या क्रमाने लावायचे यावर मात्र बराच काळ गेला. प्रदेशांनुसार लावणं सोपं होतं: इकडे सह्याद्री, तिकडे हिमालय, कोपऱ्यात कच्छचं रण. तसं लावून पाहिलं तर सगळं प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकासारखं दिसायला लागलं. शेवटी महिन्यांनुसार लावले. जूनपासून सुरुवात आणि मेअखेरीला शेवट. त्यामुळे जुलैतला हरिश्चंद्रगड आणि जुलैतलीच स्पिती एकमेकांशेजारी आली. एका फोटोत धुक्याने गिळलेला कडा, शेजारच्यात उघडेबोडके तपकिरी डोंगर आणि किब्बरकडे जाणारा धुळीचा रस्ता. कोकणातून वर चढून आलेले ढग इथे आठवडेच्या आठवडे ओतत असतात, त्याच दिवसांत तिकडे हिमालयाच्या भिंतीपलीकडे पाऊस जवळपास पोहोचतच नाही. एकाच देशातले हे दोन जुलै शेजारी पाहून एक शिक्षिका म्हणाल्या, की पर्जन्यछायेचा धडा मुलांना इथे आणून शिकवला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या खरोखर सातवी-आठवीची मुलं घेऊन आल्या.

स्पितीच्या फोटोंवर एक शंका हमखास निघायची. आकाश इतकं निळं असतं का, की फोटोशॉप? तिथला ‘की’ नावाचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, ४,१०० मीटरहून उंचावर आहे. तिथली हवा विरळ, धूळ आणि बाष्प कमी. त्यामुळे आकाशाचा निळा रंग गडद होत जातो, दुपारी माथ्यावर तर जांभळटपणाकडे झुकतो. उलट मी छापताना तो निळा किंचित उतरवला होता, कारण शेजारच्या करड्या फोटोवर तो कुरघोडी करत होता. हे मी सगळ्यांना सांगितलं. छापणं हीसुद्धा निवडच असते, आणि कोणी विचारलं तर काय निवडलं ते सांगावं.

छपाईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते एकल प्रदर्शनाचा खरा अभ्यास तिथे होतो. संगणकाचा पडदा स्वतः उजळतो, कागदाला खोलीतला प्रकाश उसना घ्यावा लागतो. पडद्यावर जिवंत वाटणारा फोटो कागदावर आला की पहिल्यांदा मरगळलेला दिसतो, आणि सगळ्यात आधी अंधाऱ्या भागांतले तपशील जातात. सह्याद्रीत हे फार नडतं. आपला कातळ बेसॉल्टचा, मुळात काळा. पावसात भिजला की आणखी काळा, आणि त्यावरचं शेवाळ म्हणजे काळ्यातलाच हिरवा. मी निवडलेला कागद कापसाच्या धाग्यांचा, मॅट, ३०८ ग्रॅमचा. डोळ्याला फार सुखाचा, पण चकचकीत कागदाइतका खोल काळा त्यावर उमटत नाही. पहिल्या नमुन्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची अख्खी भिंत एकच काळा डाग होऊन बसली होती. प्रिंट काढणारे काका अनेक वर्षं या धंद्यात आहेत. त्यांनी नमुना खिडकीशी नेला, तिरपा धरून पाहिला आणि विचारलं, “मॅडम, शॅडो थोडे उचलू का? पण मग धुकं भडक होईल.” मग त्यांनी फक्त कड्याचा भाग उजळला, धुक्याला हात लावला नाही आणि कातरलेल्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा छापून पाहिलं. कातळातले थर, त्यांतून ओघळणारं पाणी आणि एका खाचेत धरून राहिलेलं गवत हळूहळू दिसायला लागलं. ते गवत मी स्वतःसुद्धा त्याआधी पाहिलं नव्हतं.

आकाराचं गणितही कागदावरच कळतं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६,००० गुणिले ४,००० ठिपक्यांचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० बाय १३ इंचांच्या आसपास तो संपतो. मला काही फोटो ३६ बाय २४ इंचांचे हवे होते. तिथे इंचाला १६६च ठिपके मिळतात. पण एवढा मोठा फोटो माणूस पाच-सहा फुटांवरून बघतो आणि त्या अंतरावरून कमतरता जाणवत नाही. जवळ जाऊन नाक लावणारे असतातच, ते छायाचित्रकार. काच मी कुठल्याच फ्रेमला घातली नाही. काच आली की समोरच्याला अर्धा फोटो आणि अर्धं स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. लोक बोट लावतील ही जोखीम होती, काहींनी लावलंही. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

बालगंधर्वला प्रदर्शन भरवण्यातली मोठी गंमत म्हणजे नाटकाचा प्रेक्षक. १९६८ साली सुरू झालेल्या या वास्तूत चित्रं बघायला म्हणून येणारी माणसं असतातच, पण प्रयोगाला लवकर आलेली, तिसरी घंटा व्हायची वाट बघणारी माणसं सहज आत डोकावतात. त्यांनी आयुष्यात कधी प्रदर्शनाला म्हणून घराबाहेर पाऊल टाकलेलं नसतं. ती संकोच न करता बोलतात. एक गृहस्थ लोणारच्या फोटोसमोर म्हणाले, “सरोवर गुलाबी झालं होतं ना? तो फोटो कुठाय?” जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि तेव्हा टाळेबंदीत मी घरात होते. माझा फोटो त्याच्या नेहमीच्या हिरव्या पाण्याचा, काठावरून घेतलेला, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर एका नजरेत मावेल असा. हेही खरंच आहे म्हणाले आणि बराच वेळ पाहत राहिले.

इंद्रवज्राचा फोटो मुलांनी गाजवला. कोकणकड्यावर ऊन पाठीशी आणि दरीत धुकं असेल तर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली ते इथेच पाहिल्याची नोंद गिर्यारोहकांना तोंडपाठ असते. वर्तुळाच्या मधोमध बघणाऱ्याची सावली पडते. शाळेतल्या एका मुलीने विचारलं, “शेजारी उभ्या असलेल्याची सावली का नाही मधे?” कारण त्याला त्याचं स्वतःचं वर्तुळ दिसत असतं, त्याच्या सावलीभोवती. दोघं खांद्याला खांदा लावून उभे असले तरी दोघांची इंद्रवज्रं वेगळी. हे ऐकल्यावर सगळी मुलं त्या फोटोतली सावली कुणाची ते बघायला पुढे सरकली. माझीच होती.

आता पळसदेवच्या फोटोबद्दल. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेकाठची अनेक गावं पाण्याखाली गेली, त्यांतलं हे एक. गाव उठून वरच्या अंगाला, पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसलं. पळसनाथाचं जुनं देऊळ मात्र खालीच राहिलं. पाणी उतरायला लागलं की आधी शिखर वर येतं, आणि फारच कडक उन्हाळ्यात अख्खं देऊळ उघडं पडतं. माझा फोटो एप्रिलमधला, सकाळचा, मासेमारीच्या होडीतून घेतलेला. चहूकडे पाणी आणि त्यातून वर आलेलं शिखर.

त्या फोटोपुढे एक आजी थबकल्या. पुण्यात शिकणाऱ्या नातवाने नाटक दाखवायला आणलं होतं. ओळखायला पट्टी वाचावी लागली नाही त्यांना. “आमचा पळसनाथ,” एवढंच म्हणाल्या, मग नातवाला वाचायला लावलं. मी ‘जुनं पळसदेव, ता. इंदापूर’ असं लिहिलं होतं. “जुनं लिवलंय ते बरं केलं बाई. नवं वर हाय.” मग विचारलं, फोटो कशातनं काढला. होडीतून, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “तरीच. आमी मान वर करून बघायचो शिखराकडं. तुमी समोरासमोर बघितलंय.”

पाण्याच्या पातळीमुळे माझी होडी शिखराच्या उंचीवर तरंगत होती. तिथे गाव होतं तेव्हा हा कोन कुणाच्याही डोळ्यांना मिळणं शक्य नव्हतं. मला त्या फोटोत रचना दिसली होती, रिकामं पाणी आणि एक उभी रेघ. आजींनी हात पुढे केला आणि फ्रेमच्या उजवीकडे, वीतभर अंतरावर, भिंतीच्या पांढऱ्या रंगावर बोट ठेवलं. “हितं आमचं घर व्हतं.” बोट खाली आणलं. “हितनं नदीला वाट.” मग डावीकडे येऊन भावकीतल्यांची घरं, एक मोठं झाड, बैलं पाण्यावर न्यायची जागा. त्या गावात सून म्हणून आल्या आणि पुरती दहा वर्षंही तिथे राहायला मिळाली नाहीत. नातू मोबाइल खिशात ठेवून ऐकत होता. घर नेमकं कुठल्या बाजूला होतं हे त्यालाही नवीनच होतं. घंटा झाली तशा त्या गेल्या, पुन्हा मध्यंतरात आल्या, आणि या वेळी सोबत नाटकाला आलेल्या दुसऱ्या बाईंना घेऊन आल्या. त्या बाई भिगवणकडच्या निघाल्या.

मात्र एका फोटोखाली मी पुरतं ठिकाण लिहिलं नव्हतं. तो कोकणातला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, भाद्रपदात फुललेला. पट्टीवर फक्त ‘रत्नागिरी जिल्हा’. एका तरुणाला ते खटकलं. बाकी सगळीकडे गाव-तालुका दिलाय, इथेच लपवाछपवी का? मी त्याला कास पठाराचं सांगितलं. पश्चिम घाट २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला, कासचं नाव सर्वतोमुखी झालं आणि तिथे एवढी गर्दी लोटली की कुंपण, तिकीट, रोजच्या माणसांची मर्यादा हे सगळं करावं लागलं. सड्यावर माती बोटभर जाडीची असते. त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी झाडं वाढतात, ती मुळात वीतभरही नसतात. एका सुट्टीच्या दिवशी शेदोनशे माणसं बसून-लोळून फोटो काढून गेली तर पुढे काय उगवेल? कासला निदान रखवाली आहे. या सड्याला कुणी नाही.

“मग फोटो लावलाच कशाला?” त्याने विचारलं. प्रश्न चोख होता. मी लावला याचं कारण असं, की कोकणातले हे सडे कागदोपत्री बहुधा पडीक म्हणून धरले जातात. वर्षातले आठ महिने ते काळेठिक्कर दिसतात, त्यामुळे चिऱ्याची खाण काढायला किंवा कातळ फोडून, बाहेरची माती आणून आंब्याची कलमं लावायला कुणाला काही वाटत नाही. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा तो भलाथोरला हत्ती आणि त्याच्या पोटातले प्राणी ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे. त्यांतली काही २०२२मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सडा रिकामा नसतो, एवढं लोकांनी पाहावं म्हणून फोटो लावला. तिथे धावत सुटावं म्हणून लावलेला नाही. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि दोन्ही गोष्टी एकदम कशा साधाव्यात याचं पक्कं उत्तर माझ्याकडेही नाही. तूर्तास नियम एवढाच: जिथे राखणारं कुणी आहे तिथला पत्ता द्यायचा, जिथे नाही तिथे जिल्ह्यावर थांबायचं.

फोटो थोडे विकले गेले. लोणार आणि स्पिती गेले, कोकणकडा एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी घेतला. पळसदेवला दोघांनी विचारलं, तो मी दिला नाही.

तो आता इंदापूर तालुक्यात न्यायचा आहे, उजनीचे बाकीचे फोटो सोबत घेऊन. आजींच्या नातवाने गावातल्या शाळेत बोलणं लावून दिलं आहे. कलादालनातला कापसाचा कागद तिथे चालणार नाही, धूळ आणि ऊन फार, तेव्हा हे सगळे सनबोर्डवर छापायचे. फोटो बोर्डाच्या मधोमध लहान ठेवायचा आणि चारही बाजूंना हात-दीड हात पांढरं सोडायचं. शेजारी दोरीला मार्कर. ज्यांची घरं, विहिरी, पाणंदी चौकटीबाहेर राहिल्या त्यांनी त्या जागच्या जागी काढाव्यात, नाव लिहावं. वेळ मे महिन्याची धरली आहे. तोवर उसाचं गाळप आटोपलेलं असतं आणि पुण्या-मुंबईला गेलेली माणसं सुट्टीला गावी आलेली असतात.