शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत स्वयंपाकघरांत सहसा फसत नाहीं. म्हणूनच कीं काय, ती इतरत्र चालविण्याचा मोह मला आवरत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत वडिलांच्या ग्रंथसंग्रहाची यादी मीं संगणकावर चढविली, आणि ती एका ग्रंथालयाच्या एक्सएमएल सांच्यांत बसविण्यासाठीं एक्सएसएलटी या भाषेंत परिवर्तनाचे नियम लिहिले. प्रत्येक ग्रंथास निदान एक कर्ता असलाच पाहिजे, ही सांच्याची अट. वीस नोंदी घालून पाहिल्या. त्या निर्दोष उतरल्या, आणि मी समाधानानें झोपीं गेलों.

दुसऱ्या दिवशीं सगळी यादी घातली, तेव्हां पडताळणी करणाऱ्या आज्ञावलीनें एका नोंदीवर बोट ठेवलें. तिला कर्ताच नव्हता.

भाताचीं सर्व शितें एकाच आंचेवर शिजतात. नोंदींचें तसें नाहीं. खरा प्रश्न ‘ही नोंद नीट उतरली काय?’ हा नसून ‘येईल ती नोंद नीटच उतरेल काय?’ हा आहे, आणि त्याचें उत्तर चांचण्या मोजून मिळत नाहीं. मिलो, सुच्यू व विआनू या संशोधकांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, परिवर्तनाच्या नियमांना कांहीं मर्यादा घातल्या, तर या प्रश्नाचा निश्चित निर्णय यंत्राला देतां येतो. त्यांची युक्ति उलट्या दिशेनें चालते: सांचा मोडणारे निकाल कोणत्या मूळ नोंदींपासून निघूं शकतील तें शोधावयाचें, तशी नोंद संभवतच नसेल, तर नियम निर्दोष. मर्यादा काढून टाकल्या, तर मात्र सर्वदा खरें उत्तर देणारी रीत असूंच शकत नाहीं; ट्युरिंगच्या १९३६ सालच्या सिद्धान्तावरून तें उघड होतें.

मी उलटा चाललों असतों, तर माझी चूक पहिल्याच पावलाला सांपडली असती. कारण वडिलांच्या यादींत कर्त्याचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा होती.

आणि तो त्यांनीं एकदांच रिकामा ठेवला होता. नोंद होती आईच्या हातच्या पाककृतींच्या वहीची.

रिकाम्या जागीं ‘अज्ञात’ हा शब्द आपोआप भरणारा नियम लिहिला असता, तर आज्ञावली संतुष्ट झाली असती. सांचा बिनचूक आणि मजकूर खोटा! सिद्धता ग्वाही देते ती आकाराची, सत्याची नव्हे. नियम तसेच ठेवून मीं वडिलांची यादी उघडली, आणि त्या रकान्यांत आईचें नांव लिहिलें.