मीठ कुठे ठेवले आहे?

'मीठ कुठे ठेवले आहे?' हा प्रश्न वरवर निरागस वाटतो. तसा तो नाही. ज्या घरात त्याचे उत्तर एकाच व्यक्तीला ठाऊक असते, त्या घरात ती व्यक्ती (आणि ती बहुधा स्त्रीच असते) निवांतपणे आजारी पडू शकत नाही, परगावच्या चर्चासत्राला निर्धास्त जाऊ शकत नाही. आम्ही दोघेही मराठी शिकवतो आणि सकाळी एकाच वेळी घराबाहेर पडतो. त्यामुळे स्वयंपाकघर लावणे ही बाब आमच्यासाठी आधी सोयीची होती, पुढे ती न्यायाची झाली. घरातील वस्तूंची मांडणी एकाच्याच स्मरणात न राहता सर्वांना वाचता यावी, इतकेच आमचे म्हणणे आहे.

जुन्या घरांत उतरंड असे. आकाराच्या क्रमाने एकावर एक रचलेली मडकी. मधल्या मडक्यात काय दडले आहे हे फक्त घरधनिणीला माहीत. ही तिची सत्ता होती आणि तिची बेडीही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे दिली आणि 'अंदाजाने घालावे' या वाक्याचा दरारा कमी केला. सासर-माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्यांनाही मग पदार्थ साधू लागला. पाककृती अशी स्मरणातून कागदावर उतरली. मांडणी मात्र अजून स्मरणातच राहिली आहे.

केवळ शिस्त आणूनही हा प्रश्न सुटत नाही. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने १९२६ साली 'फ्रँकफर्ट किचन' आखले. एका-एका हालचालीचा हिशेब, धान्यासाठी नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण, सारे हाताच्या अंतरावर. आजच्या 'मॉड्युलर' स्वयंपाकघराचे मूळ तिथे सापडते. परंतु ते इतके अरुंद होते की दोघांनी मिळून काम करणे अवघड जाई. त्यामुळे राबणारी एकटीच उरली, हा आक्षेप पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला. खणांवर नावे होती, पण ती वाचायला दुसरे कुणी आत मावत नव्हते!

तेव्हा पहिली सूचना अशी की, दोन माणसांना पाठीला पाठ लावून उभे राहता येईल एवढी जागा आधी मोकळी करावी. भांडी त्यानंतर घ्यावीत. ओट्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी. घरातील दोघांच्या उंचीत फरक असेल तर ओटा उंच व्यक्तीच्या मापाने करून ठेंगण्या व्यक्तीसाठी खाली लाकडी पाट ठेवावा. उलट केल्यास उंच माणसाला कायम वाकावे लागते. भाकरी थापण्यासाठी मात्र खालची जागाच बरी, कारण तिथे खांद्याचा जोर लागतो.

दुसरी सूचना वर्गीकरणाची. वस्तू जातीनुसार न लावता कामानुसार लावाव्यात. ज्वारीच्या पिठाचा डबा, काठवट, तवा, उलथणे एकत्र. चहा, साखर, गाळणे, पातेले एकत्र. रोजचे ते कंबर आणि डोळे यांच्या मध्ये, जड ते खाली, सणावाराचे माळ्यावर. फोडणीचे साहित्य शेगडीजवळ असावे, पण शेगडीच्या वर नव्हे. उष्णतेने मसाल्याचा वास उडतो. प्रत्येक डब्यावर नाव आणि भरल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी. नवे धान्य जुन्यावर ओतू नये, आधी जुने संपवावे. ज्वारी साठवावी, पण दळण थोडेच आणावे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी तुटते. नवे उपकरण घेण्याविषयी आमचा नियम साधा आहे: एखाद्या वस्तूवाचून एका महिन्यात तीनदा अडले, तरच ती घ्यावी.

आमच्या शहरात याहून मोठा प्रश्न पाण्याचा. छत्रपती संभाजीनगरने नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची वर्षे काढली आहेत. पाण्याच्या दिवशी कुणीतरी घरी थांबायचे, आणि ते 'कुणीतरी' कोण, हे घरोघरी न बोलता ठरलेले. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात सर्वप्रथम ठरली ती पाण्याची जागा. एक लिटर म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची कळशी उचलणे हा कंबरेचा प्रश्न आहे. त्यामुळे वापरायच्या पाण्याचे पिंप नळाची रबरी नळी पोचेल तिथेच ठेवावे. पिण्याचे पाणी तोटीच्या भांड्यात, घडवंचीवर ठेवावे, म्हणजे त्यात कुणाचा हात बुडणार नाही. सगळे झाकलेले असावे आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून कोरडे करावे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि ती पिंपाच्या आतील भिंतीला चिकटून राहतात. भिंतीवर एक कागद लावला आहे: पाणी कधी आले, कुणी भरले. दुसऱ्या रकान्यातील नावे आता आलटून-पालटून येतात. आमच्या मते हा कागद घरातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. त्याच्या जलाशयाला एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरत होता, अशी श्रद्धा आहे. नाथांच्या वाड्यातील रांजण भाविक आजही पाहतात. वर्गात ही कथा आपण भक्तीचे उदाहरण म्हणून सांगतो. स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. श्रीखंड्या बाहेरून आलेला होता, तरी पाणी कुठे ओतायचे हे त्याला कुणाला विचारावे लागत नव्हते.