गाणं अंड्यात उतरतं

चि. मुग्धा,



तुझा निरोप वाचून हसू आलं. नर कॅनरी पहाटेपासून गळा काढतो म्हणून त्याची रवानगी मागच्या खोलीत, दार लावून. आणि मादी घरट्याच्या वाटीकडे ढुंकूनही बघत नाही ही तक्रार! अगं, तुझ्या दुसऱ्या तक्रारीचं मूळ पहिल्या उपायात आहे.

दिवस मोठा होऊ लागला की उजेड पक्ष्याच्या कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो आणि संप्रेरकांचं चक्र सुरू होतं. नराचं बरंचसं तेवढ्यावर भागतं, मादीचं भागत नाही. तिचा अंडाशय, बहुतेक पक्ष्यांप्रमाणे एकटा डावाच कामाचा, थोडा वाढून थबकतो. पुढच्या टप्प्यासाठी तिला घरट्याचं सामान लागतं, सोबत लागते आणि गाणं लागतं.

तेही कुठलंही चालत नाही. १९७६ साली डोनाल्ड क्रूड्समा यांनी कॅनरीच्या माद्यांना केवळ ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली. काहींना भरपूर विविधतेची, काहींना काटछाट केलेली. विविधतेची गाणी ऐकणाऱ्यांनी घरटी लवकर बांधली आणि अंडीही जास्त घातली.

पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी गाण्यातली नेमकी जागा शोधली. दोन सुरांचा जोड, सेकंदाला सोळाहून अधिक वेळा. तो ऐकला की मादी दबून बसते, शेपटी उचलते, पंख थरथरवते. पक्ष्याच्या स्वरयंत्राला दोन बाजू असतात. त्या दोन्ही इतक्या वेगानं जुळवायच्या आणि मधल्या फटीत श्वासही घ्यायचा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. २००४ मध्ये दिएगो गिल आणि सहकाऱ्यांना दिसलं, की अशी गाणी ऐकणाऱ्या माद्या अंड्याच्या बलकात टेस्टोस्टेरॉन जास्त घालतात. आणि कॅनरीत या शिदोरीवर पिल्लं भराभर वाढतात, हे त्याआधीच माहीत झालं होतं.

आपण म्हणतो, नर गाऊन मादीला भुलवतो. मला तर ती पारख करणारी वाटते. अंडं म्हणजे तिच्या अंगचा ऐवज. तो कितपत खर्चायचा, हे ती कानांनी ठरवते.

तेव्हा नराला तिच्या कानांच्या टप्प्यात आण, तुझ्या मीटिंगा मागच्या खोलीत होऊ देत. रस्त्याकडची खिडकी मात्र टाळ. वाहनांच्या घरघरीत खालच्या पट्टीतलं गाणं बुडून जातं. वाटीजवळ ज्यूटचे बारीक धागे ठेव.

आणि पिंजऱ्यात समुद्रफेस टांगायला विसरू नकोस. गवई कितीही तयारीचा असला, तरी अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतंच.

तुझी,
आत्या