आधी आपाकडे

करमाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या. निवृत्तीनंतर मुलीकडे कायमच्या जाताना त्यांनी घरातली पुस्तकं वाटून टाकली. माझ्या वाट्याला मराठी ‘नवा करार’ आला. अम्मीला ते जरा खटकलं. मी म्हणालो, इंजीलमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश होता, असं कुरआनच सांगतो (सूरह माइदा, 46). आज मिळणारं हे पुस्तक म्हणजे जशीच्या तशी उतरलेली इंजील नव्हे, ही आपली श्रद्धा. पण हजरत ईसा (अलै.) यांची शिकवण म्हणून त्यात काय दिलंय, ते वाचायला काय हरकत?

मत्तयच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात डोंगरावरचं प्रवचन आहे. वाचताना सारखं वाटत होतं, हे तर आपण ऐकलेलं आहे. उजव्या हाताने केलेलं दान डाव्या हाताला कळू नये, हे तिथे आहे. आणि कयामतच्या दिवशी अल्लाहच्या सावलीत जागा मिळणाऱ्या सात प्रकारच्या माणसांची जी हदीस आहे, तिच्यातही आहे. लोकांना दिसावं म्हणून उपास-प्रार्थना करू नये, हेही ओळखीचं.

एका जागी मात्र अडकलो. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला तिथे आठवलं, की आपल्या भावाचं आपल्याविषयी काही गाऱ्हाणं आहे, तर त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा आणि मग परत यावं. मी ते पुन्हा वाचलं. राग तुझ्या मनात असेल तर, असं नाही. त्याच्या मनात असेल तर. म्हणजे उठून जायचं ते दुखावणाऱ्याने.

त्याच आठवड्यात मी उमऱ्याचे पैसे भरणार होतो. पैसे उसाच्या बिलाचे, ऊस अब्बांच्या जमिनीतला. अब्बा गेल्यावर आम्ही आपाकडून हक्कसोडपत्र घेतलं होतं. बहिणी सही देतातच, असं सगळे म्हणतात. या एका बाबतीत आपल्यात आणि शेजारच्या हिंदू घरांत काडीचा फरक नाही. सूरह निसामधला मुलीचा हिस्सा मला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? आपाने न बोलता सही केली. त्यानंतरच्या ईदला ती आली नाही.

बुखारीत हदीस आहे, की ज्याने कुणावर जुलूम केला असेल त्याने आजच त्याच्याकडून मोकळं व्हावं. त्या दिवशी दिनार-दिरहम नसतील, नेकीतून वसुली होईल. हीसुद्धा मी अनेकदा ऐकली होती, दुसऱ्यांसाठी.

जेऊरहून पुण्याची गाडी धरली. दौंडच्या पुढे केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणलं. 1922मध्ये त्या वारल्या, तोवर ते काम चालू होतं. 1924मध्ये ते छापून निघालं. माझ्याकडचं भाषांतर त्यांचं नाही. तरी खिडकीतून स्टेशनची पाटी शोधली.

आपाने दार उघडलं. मी उभ्यानेच जमिनीचं बोलून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “उमऱ्याचे पैसे भरलेस का?”

“नाही, आपा.”

“मग बस. भाकरी टाकते.”

वकील म्हणाले, हक्कसोड नोंदलेलं असल्याने आता तिच्या नावाने बक्षीसपत्र करावं लागेल. तिचे फोटो आणि आधार कार्ड आले आहेत. मोजणीची तारीख अजून मिळायची आहे.