छपरावरचं छप्पर

मध्य न्यू जर्सीत जिथे मक्याची शेतं होती, तिथे आता घरांच्या नव्या वसाहती उभ्या आहेत. रविवारी दुपारी तिथून गाडी हळू चालवली की अर्धवट बांधलेली घरं आतून बघायला मिळतात. बहुतेक घरांच्या दर्शनी बाजूला मुख्य छपरातून पुढे आलेला एक छोटा त्रिकोणी माथा असतो. इथे त्याला गेबल म्हणतात. त्याच्या शोभेसाठी आपण जास्तीचे डॉलर मोजतो. पण तो जोडतात कसा, हे मी 2023 साली आमचं घर उभं राहताना पाहिलं.

कोकणातलं कौलारू छप्पर जागेवर घडतं: आधी आढं, मग वासे, मग रिपा. इथे लाकडाच्या तयार कैच्या ट्रकवरून येतात आणि क्रेन त्या 24-24 इंचांवर मांडते. सांध्यांवर दातेरी पोलादी पट्ट्या दाबलेल्या असतात.

आमची बैठकीची खोली 14 फूट रुंद आणि घराच्या पुढे आलेली. तेवढ्या भागात मुख्य कैच्यांना टेकायला भिंतच नाही! म्हणून 14 फुटांच्या दोन कैच्या एकमेकींना खिळवून त्यांचा एक गर्डर केला आणि मुख्य कैच्यांची टोकं पोलादी खोबणींत बसवून त्यावर टांगली. मग मुख्य छपरावर फळ्या ठोकल्या. गेबलच्या मागच्या कैच्या उभ्या राहिल्या त्या या फळ्यांवर. पहिली 10 फुटांची, दुसरी 6, तिसरी 2. दोन्ही छपरांचा उतार सारखा, म्हणून दर दोन फुटांवर रुंदी बरोबर चार फुटांनी घटते. छपरावरच छप्पर!

आमचे सासरे अण्णा राजापूरकडचे. त्यांनी विचारलं, "अहो, खालच्या फळ्या काढल्या तर लाकूड वाचेल की!" मी सुताराला विचारलं. तो म्हणाला, त्या फळ्याच कैच्यांना आडवं वाकू देत नाहीत. हवेपुरतं आणि माणूस आत शिरण्यापुरतं भोक ठेवायचं, बस्स.

पुढच्याच आठवड्यात डक्ट बसवणाऱ्याने वाट काढायला एका कैचीची तिरकी दांडी कापली. मुकादमाने काम थांबवलं. आमची अपार्टमेंटची लीज महिनाअखेर संपत होती, पण तो हटला नाही. कैचीत प्रत्येक दांडी ताण किंवा दाब वाहते. एक कापली की तिचा भार कुठे जाईल, ते इंजिनियरनेच सांगायचं. नऊ दिवसांनी दुरुस्तीचा नकाशा आला. दोन्ही बाजूंनी प्लायवुड ठोकून दांडी जोडली, इन्स्पेक्टरने पाहिलं, मगच काम पुढे सरकलं. हिने तोवर अर्धं सामान मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं होतं.

राहिलं पाणी. दोन उतार मिळतात त्या घळीत दोन्हीकडचं पाणी आणि बर्फ जमतो. म्हणून शिंगल्सखाली तिथे चिकटणारा जलरोधक थर लागतोच. पहिली गळती बहुधा इथूनच सुरू होते.

तेव्हा मंडळी, नवं घर बांधून घेत असाल, तर ड्रायवॉल लागायच्या आधी एकदा टॉर्च घेऊन वर बघा. कापलेली दांडी दिसली, तर दुरुस्तीचा सही केलेला नकाशा मागा. संकोच करू नका. एकदा सीलिंग लागलं की ते कोणालाच दिसणार नाही, आणि त्याखाली आपली मुलं झोपणार आहेत.