दगड कुठल्या आळीतून आला?

'दंगल' म्हटलं की आमच्या गावाकडच्या माणसाला आधी कुस्त्या आठवतात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आखाडा भरतो, हलगी वाजते, पंच उभे राहतात, निकाल लागतो आणि जिंकलेला-हरलेला दोघंही रेवड्या खात घरी जातात. शहरातली दंगल नावाला तीच, पण तिथे पंच नसतो आणि निकालही लागत नाही. (कोर्टातसुद्धा वर्षानुवर्षं लागत नाही, पण तो वेगळा विषय!)

हा फरक माझ्या डोक्यातला नाही, आमच्या आप्पांचा आहे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. येवला तालुक्यात कोरडवाहू शेती आणि आयुष्यभर ट्रकवर ड्रायव्हर. कांदा भरायचा, कसारा घाट उतरायचा, वाशीच्या मार्केटला गोणी उतरवायच्या आणि परत. मार्च २०२५ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते माझ्याकडे पुण्याला आले होते. नेमकी त्याच आठवड्यात, १७ मार्चच्या रात्री, नागपूरला महाल भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. दुसऱ्या दिवशी सगळ्या चॅनेलवर तेच. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हटलं होतं, त्यामुळे आप्पा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून नुसतं ऐकत होते.

इकडे माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. 'एअरपोर्टचा रस्ता चालू आहे का?' 'नेट बंद करतील का? माझं डिप्लॉयमेंट आहे.' 'शिकली-सवरलेली माणसं असं कशी वागतात?' शेवटी नेहमीचं वाक्य, 'पोलिसांनी ठोकून काढलं पाहिजे.' झालं, विषय संपला. आम्हा आयटीवाल्यांना सवयच असते, प्रॉब्लेम दुसऱ्या टीमच्या मॉड्यूलमध्ये आहे हे सिद्ध झालं की आपण मोकळे!

आप्पांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "दगड कुठल्या आळीतून आला, ते सांगितलं का रं?"

"आप्पा, ते शहर आहे. आळी-बिळी कोण बघतंय?"

"मंग कसं मिटायचं?"

मला तेव्हा हसू आलं होतं. पण आप्पांनी दंगली टीव्हीवर पाहिलेल्या नाहीत, रस्त्यावरून पाहिल्यात. मे १९८४ मध्ये ते वीस वर्षांचे, गाडीवर क्लीनर होते. भिवंडी पेटली तेव्हा त्यांची गाडी अलीकडे पडघ्याच्या एका ढाब्यावर अडकली होती आणि तिथून त्यांनी धूर पाहिला. भिवंडीचं तेव्हा नावच तसं होतं. १९७० च्या ७ मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. चौदा वर्षांनी पुन्हा तेच, आणि या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. यंत्रमागाचं गाव, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-दहा कामगार, गटारं तुंबलेली, आणि वरून दोन समाजांत अविश्वास.

मग आला डिसेंबर १९९२. ६ तारखेला बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. आप्पा आता ड्रायव्हर होते आणि गाडीत लाल कांदा. ज्यांच्या घरी कांदा पिकतो त्यांना माहीत आहे, उन्हाळ कांदा चाळीत ठेवता येतो, लाल कांदा नाही ठेवता येत. काढला की विकायचा. पुन्हा तोच पडघ्याचा ढाबा, पुन्हा ट्रकांची रांग. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मुंबई जळतेय म्हणजे भिवंडी तर राखच झाली असणार.

आणि भिवंडी शांत होती!

आप्पा सांगतात, "रातच्याला गाडी काढली. नाक्यावर पोरं बसलेली, टोपीवाली बी आन टिळावाली बी. संगं एक हवालदार. मला वाटलं आता गाडी पेटिवत्यात. तर एक जण म्हणला, ड्रायव्हर, सावकाश जा, पुढं खड्डा हाय."

हे आप्पांचं काहीतरी रंगवून सांगणं असेल असं मला वाटायचं, म्हणून मी नंतर वाचलं. खरंच आहे ते. १९८८ मध्ये भिवंडीला सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला कमिट्या बसवल्या. शांतता कमिट्या आधीही होत्या, पण त्यात पुढारी, बडे व्यापारी, दोन्हीकडचे धर्मगुरू, म्हणजे फोटोत येणारी माणसं असायची. खोपड्यांनी त्याच गल्लीत राहणारे साधे हिंदू-मुसलमान घेतले आणि त्यांच्यासोबत त्या भागाचे पोलीस शिपाई-हवालदार बसवले. दंगलीवर भाषणं करायला नाही, तर नळ, भाडेकरू, नवरा-बायकोचं भांडण, गटार, असल्या रोजच्या कटकटी सोडवायला. चार वर्षं हे चाललं. १९९२ मध्ये अफवा आली तेव्हा ती खरी का खोटी हे विचारायला प्रत्येकाकडे पलीकडच्या बाजूचा एक ओळखीचा माणूस होता. खोपड्यांची तोवर बदली झाली होती, तरी भिवंडी टिकली. त्यावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं.

तिकडे मुंबईत काय झालं ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळखच न पटलेले. २,०३६ जखमी. आप्पांचा यावरचा शेरा असा, "त्यात मोटारवाला किती व्हता, ते बी मोजाया पायजे." आयोगाने मोटारी मोजल्या नाहीत, पण प्रश्न चुकीचा नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बहुतेकांना ती नोकरी परत मिळालीच नाही. दहा वर्षांनी त्याच चाळींतली पोरं बेकार होती आणि शेजारी झोपडपट्टी वाढत होती. म्हणून कुणी माणूस मारावा असं मुळीच नाही. शिवाय दंगली आपोआप होत नाहीत, घडवणारे असतात, हे श्रीकृष्ण आयोगानेही नावं घेऊन सांगितलं आहे. पण घडवणाऱ्याला हात लागतात, आणि ते रिकामे हात त्याला कुठे सापडतात हे आप्पांना ट्रकच्या काचेतून दिसत होतं.

आता आप्पांचं मुख्य म्हणणं. शहरात दंगल होते कारण दगड मारणाऱ्याला कुणी 'अमक्याचा पोरगा' म्हणून ओळखत नाही. गावात हात उचलायच्या आधी माणूस मागे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईहून पळून आलेली आमचीच माणसं रोज एक नवी गोष्ट सांगायची आणि गावातली पोरं तापत चालली होती. आमच्या गावात मुलाणी आणि आतार मिळून सात घरं. तेव्हा पारावर बैठक बसली आणि ठरलं की ज्या आळीतून दगड येईल, त्या आळीने सगळी भरपाई द्यायची, दगड कुणी का मारेना. बस! त्या रात्रीपासून प्रत्येक आळीतली म्हातारी माणसं आपापली पोरं मोजूनच झोपायला लागली. एक काच फुटली नाही.

ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं. खेडं म्हणजे शहाणपण, शहर म्हणजे माणुसकी हरवलेलं जंगल, असे फॉरवर्ड आपल्याला रोज येतात.

पण मग मला १९७८ आठवलं. विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. जाळणारे अनोळखी नव्हते. पिढ्यानपिढ्यांची ओळख होती, 'अमक्याचा पोरगा' हे सगळ्यांना माहीत होतं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेही गावातल्याच लोकांनी. म्हणजे नुसत्या ओळखीने भागत नाही.

मी आप्पांना विचारलं, "त्या पारावरच्या बैठकीला वस्तीवरचं कोण होतं?"

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "न्हाई. त्यांना नंतर सांगितलं. दवंडी दिली."

"मग भरपाई त्यांनीही द्यायची होती?"

"व्हय, त्यांनी बी."

लक्षात घ्या, हा येवला तालुका. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यातच बाबासाहेबांनी सांगितलं होतं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्याला ५७ वर्षं झाली होती, आणि आमच्या गावात दंगल टाळायच्या बैठकीतसुद्धा वस्तीवरच्यांना बसायला जागा नव्हती. जबाबदारीत वाटा होता, ठरवण्यात नव्हता.

थोड्या वेळाने आप्पाच म्हणाले, आणि हे वाक्य मी तेव्हाच मोबाईलमध्ये टिपून ठेवलं, "गावात दंगल व्हत न्हाई त्याचं कारण सांगू का? ज्याला दगड उचलावासा वाटतो, त्याला सकाळी त्याच मालकाच्या वावरात जायचं आसतं." ज्या शांततेचं आम्ही कौतुक करतो, त्यातली निम्मी शांतता नुसती नाइलाजाची होती, हे आमच्या सातवी पास आप्पांनी स्वतःहून सांगितलं.

तेव्हापासून मला भिवंडीचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटायला लागला. पारावर ओळख होती पण बरोबरी नव्हती. मुंबईच्या रस्त्यावर दोन्ही नव्हतं. मोहल्ला कमिटीत मात्र माग चालवणारा, पानवाला आणि हवालदार एकाच सतरंजीवर बसत होते, आणि पाण्याचा नळ कुठे बसवायचा हे त्यांना विचारलं जात होतं. ज्याचं रोज ऐकून घेतलं जातं, तो गल्ली सांभाळतो, कारण ती त्याचीही असते.

तरी हे एकदा करून ठेवलं आणि झालं, असंही नाही. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. सर्व्हर एकदा उभा केला म्हणून तो आपोआप चालत नाही, मेंटेनन्स लागतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको!

आता आपल्याकडे बघू. माझ्या सोसायटीत तीनशेच्या वर फ्लॅट आहेत. गेटवर ऍप आहे, कॅमेरे आहेत, भिंतीवर काटेरी तारा आहेत. भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. आमच्या कामवाल्या ताई, गाड्या धुणारा पोऱ्या आणि दोन वॉचमन तिथेच राहतात. उद्या शहरात काही पेटलं, तर आम्ही घरून काम करू, पगार पूर्ण मिळेल. त्यांचा दिवस बुडेल, हातगाडी असली तर जळेल. आणि त्या रात्री आमच्या गेटवर उभा राहील तो वॉचमन, ज्याची बायकापोरं तारेच्या पलीकडे असतील. गावच्या पारासारखंच झालं की हे! राखायची जबाबदारी त्याची, पण मीटिंगला बोलावणं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा विषय निघतो तो लिफ्ट कुठली वापरायची एवढ्यापुरता.

तुम्ही म्हणाल, आपण काय करणार, आपल्याला ऑफिस आहे, ईएमआय आहे. मान्य. पण भिवंडीत तरी काय केलं होतं? महिन्यातले काही तास एकत्र बसणं, एवढंच. आणि ते दंगल नसताना केलं होतं, हे महत्त्वाचं. दंगल सुरू झाल्यावर शांततेचे मेसेज पाठवून काही होत नाही. तेव्हा फोन करायला नंबर लागतो, आणि पलीकडच्याने तो उचलावा एवढी ओळख लागते.

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. विषय नेहमीचेच, पार्किंग, टँकर आणि कुत्री. मी सेक्रेटरींना मेल करून चौथा विषय घालायला सांगितलाय. भिंतीपलीकडच्या वस्तीतली चार-पाच माणसं आणि चौकीचे हवालदार यांना दर दोन महिन्यांनी क्लब हाऊसमध्ये बोलवायचं. पहिला विषय पाण्याचा, कारण आमचा टँकर त्यांच्या बोळातून येतो आणि त्यांचा नळ त्याच बोळात आहे. सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'क्लब हाऊस फक्त मेंबर्ससाठी आहे. बाहेर लॉनवर चालेल का?'

मी लिहिलं, चालेल, पण मग आपणही सगळे लॉनवरच बसू. सतरंज्या मी आणतो.