किशोरवय, शाळा आणि आरोग्याचे दार

तान्ह्या बाळाच्या लसीची तारीख घरातील प्रत्येकाला पाठ असते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही वेळेवर आणल्या जातात. या दोहोंच्या मध्ये उभी असलेली १० ते १९ वर्षांची मुले मात्र सहसा निरोगीच गृहीत धरली जातात. ताप आला तर डॉक्टरांकडे नेले जाते. परंतु पाळीच्या दिवसांतील असह्य वेदना, सततचा थकवा, उडालेली झोप, परीक्षेच्या भीतीने होणारी छातीतील धडधड यांसाठी दवाखान्याची पायरी क्वचितच चढली जाते. वडील दुकान वाढवून रात्री उशिरा परततात, आईभोवती घरातील माणसांचा राबता असतो आणि कुटुंबाचे डॉक्टर वडिलांचेच स्नेही असतात. अशा वेळी चार पावलांवरचा दवाखानाही मुलाच्या उपयोगाचा राहत नाही.

ही अडचण ओळखून अमेरिकेत उपचारच शाळेत नेण्याचा विचार पुढे आला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे १९६०च्या दशकात आणि मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९७३ साली शाळेच्या आवारात दवाखाने सुरू झाले. वर्ग फारसे बुडत नाहीत, आई-वडिलांचा कामाचा दिवस मोडत नाही आणि रोज दिसणाऱ्या परिचारिकेशी बोलण्याचा संकोच हळूहळू ओसरतो, असे हे सरळ गणित आहे.

आपल्याकडेही याच दिशेने पावले पडली आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा प्रारंभ झाला. फिरते आरोग्य पथक शाळेत येऊन जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील विलंब तपासते व गरजेप्रमाणे पुढील उपचारांसाठी पाठवते. २०१४ मध्ये ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ आला आणि किशोरवयीनांसाठी समुपदेशनाचीही सोय होऊ लागली. शाळांतून लोहाची साप्ताहिक गोळी दिली जाते. मात्र शालेय तपासणी आणि या गोळ्या मुख्यतः शासकीय व अनुदानित शाळांसाठी आहेत. भरघोस शुल्क घेणाऱ्या खासगी शाळेतील व्यापारी घरचे मूल बहुधा या व्यवस्थेबाहेरच राहते.

सुस्थितीतील घरांना याची काय गरज, असे कोणी म्हणेल. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत आणि ३१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. सधन घरेही त्यातून सुटलेली नाहीत. शाकाहारातील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते; जेवणासोबत चहा घेतला तर आणखी कमी. जेवणात लिंबू वा आवळा असेल तर ते अधिक शोषले जाते. एवढी साधी गोष्ट वेळीच कळली, तर ‘आळशी’ ठरलेली मुलगी कदाचित केवळ अशक्त असल्याचे ध्यानात येईल.

पालकांची खरी धास्ती निराळी असते: घरची गोष्ट बाहेर जाईल, किंवा मुले आपल्यापासून काही लपवतील. ती अनाठायी नाही. म्हणूनच वर्षारंभी पालकांची लेखी संमती घ्यावी, कोणती गोष्ट घरी कळवली जाईल हे मुलांनाही आधीच सांगावे आणि जिवाला धोका दिसेल तेथे पालकांना तत्काळ कळवावे. एरवी मुलाचा शब्द राखला जावा. ज्याचा शब्द एकदा फुटला, ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा शासकीय, विनामूल्य क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा.

अनेक शाळांच्या विश्वस्त मंडळांवर व्यापारी गृहस्थच असतात. कमान आणि सभागृह यांसाठी देणग्या सहज उभ्या राहतात. त्याच हिशेबात पडदा लावलेली एक खोली, पूर्णवेळ परिचारिका, आठवड्यातून एकदा येणारी समुपदेशक आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, दृष्टी व वजनाची तपासणी यांची तरतूद करणे अशक्य नाही. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात विश्वस्तांनी हा खर्च मांडावा. आणि त्यांनी मांडला नाही, तर पालकसभेत तो मागावा.